फौजी जोतीरामच्या वरड्याचं बटण

आष्ट्यात इस्लामपूरच्या रस्त्याला माझं खताचं दुकान आहे आणि त्याला लागूनच जोतीराम फौजीचं मोटर वाइंडिंगचं. मधे नुसता एक पत्रा. तिकडं फौजीनं काही वाजवलं की इकडं युरिया न्यायला आलेला माणूस दचकून वर बघतो. मी सांगतो, "काय न्हाई, फौजी आवाज फाडतोय." ओळखीचा असला तर मान हलवतो. अनोळखी असला तर पोतं तसंच सोडून रस्त्यावर जाऊन उभा राहतो.

जोतीराम सैन्यात सिग्नल्समध्ये हवालदार होता. निम्मी नोकरी वाळवंटात झाली आणि निम्मी शिलाँगला. शिलाँगला त्याच्या शेजारच्या खाटेवर लिंगडोह नावाचा तिथलाच एक नाईक असायचा. सुट्टीच्या दिवशी तो गिटार काढायचा. वायर एका लोखंडी डबीतून न्यायची, पायानं खटका दाबायचा आणि मग तारेवर बोट ठेवायचं. त्या आवाजाचं वर्णन जोतीराम अजून डोळे मिटून करतो. "उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रेलर घेऊन चढाला लागल्यावर कसा जीव लावून वरडतो, तसं. पर सुरात."

पेन्शनीवर तो गावी आला तेव्हा गल्लीचं सगळं लक्ष त्याच्या काळ्या ट्रंकेवर होतं. आत कँटीनच्या बाटल्या असणार अशी सगळ्यांची श्रद्धा होती. ट्रंक उघडली तर वायरी, सोल्डरची रिळं आणि प्लॅस्टिकच्या पुड्यांत बांधलेले चिमुकले डायोड निघाले. लोक जे पांगले, ते गिटार बाहेर काढेपर्यंतही थांबले नाहीत.

गिटार त्याला फारशी वाजवता येत नाही. हे तो स्वतःच सांगतो. त्याचा जीव त्या डबीत. तिला ओव्हरड्राइव्ह पेडल म्हणतात. आष्ट्यात ते नाव आल्या आल्या त्याचं वरड्राइव झालं आणि पुढं नुसतं वरडा. वरडतो तो वरडा, यात कुणाला काही खटकलं नाही. जोतीरामनं सुरुवातीला दुरुस्त करून पाहिलं, मग तोही वरडाच म्हणायला लागला.

पण हे यंत्र कशासाठी, हे मात्र गावाला पटवता आलं नाही. एकदा भजनी मंडळाचा माणूस स्पीकरचं मशीन घेऊन आला. म्हणाला, "फौजी, आवाज फाटतोय बघा. बुवांनी तोंड उघडलं की खर्रर्र करतंय." जोतीरामनं ते लावून ऐकलं आणि त्याचा चेहरा पडला.

"काय झालं? लय बिघडलंय काय?"

"बिघडलंय कुठलं," जोतीराम म्हणाला. "असं फाटावं म्हणून मी दिवाळीपासनं झटतोय, आन ह्यो बसल्या जागी आपसूक फाटलाय."

त्यानं ते मशीन दुरुस्त करून दिलं, पण नाइलाजानं.

मला त्यानं एकदा चहाच्या कपावर सगळं समजावून सांगितलं होतं. तार छेडली की आवाजाची लाट उठते. मशीन ती लाट मोठी करतं, आणि डायोड तिचे शेंडे छाटतो, उसाचं वाडं छाटावं तसं. छाटलेला आवाज म्हणजेच फाटका आवाज. आता छाटायची तऱ्हा डायोडावर. सिलिकॉनचा डायोड कोयत्यानं छाटल्यासारखा सपाट छाटतो, त्यानं आवाज कडक येतो. जर्मेनियमचा लवकर छाटायला लागतो, पण हळू हातानं, त्यानं आवाज मऊ. आणि लाल दिव्याचा एलईडी, तोही डायोडच, तो लाटेला बरंच उंच जाऊ देतो आणि मग छाटतो. आवाज मोठा आणि मोकळा. एकाच पेडलमध्ये हे सगळे बसवायचे आणि बटणानं हवा तो निवडायचा, एवढंच काम.

"मग निवडा की," मी म्हणालो.

"तेच तर हाय. बटण कुठलं लावायचं?"

हे बटणाचं कोडं त्याला कायमचं चिकटलं. माणूस तसा हुशार आणि सरळ. फौजेत हुकूम वरून यायचा, त्यामुळे निवडायची वेळ आली नाही. घरी आल्यावर ती जबाबदारी बायकोनं, म्हणजे क्रांतीवहिनींनी, उचलली. वहिनी घराच्या पुढच्या खोलीत मिरची कांडपाचं यंत्र चालवतात. आलेली मिरची नुसती हातात घेऊन सांगतात, ही तिखट, ही रंगाची, ही परत न्या. बैल कुठला घ्यायचा, लग्नाला कुणी जायचं, भाजी कुठली करायची, सगळं त्या ठरवतात. राहता राहिला वरडा, आणि तेवढ्यातच जोतीराम रोज अडकायचा.

सांगलीला गेला की तो नवीन तऱ्हेचं बटण घेऊन यायचा. कुठलं पंख्याच्या रेग्युलेटरसारखं फिरवायचं, कुठलं खेळण्यातल्यासारखं सरकवायचं, कुठलं छोट्या दांड्याचं खटकन पाडायचं. सगळी काउंटरवर मांडायची आणि येईल त्याला विचारायचं. पाण्यातली मोटर जळाली म्हणून धावत आलेला माणूस, पीक वाळायला लागलेलं, आणि फौजी त्याच्या हातात बटण देऊन म्हणणार, "जरा दाबून बघा. हाताला कसं लागतंय?"

बागणीच्या एका म्हाताऱ्यानं ते दांड्याचं बटण बराच वेळ चिमटीत धरून खालीवर केलं आणि सांगितलं, "म्हशीचं सड धरल्यागत वाटतंय. पर माझी मोटर कवा देताय?"

दुसरी अडचण डब्याची. पेडलला धातूचा डबा लागतो, नाहीतर बाहेरची घरघर आत शिरते. जोतीरामनं स्वयंपाकघरातला एक अॅल्युमिनियमचा उचलला. बटणाला भोक पाडलं. विचार बदलला, दुसऱ्या मापाचं भोक पाडलं. पुन्हा बदलला. शेवटी त्या डब्यात मोहरी ठेवली असती तर ती घरभर झाली असती.

एके दिवशी वहिनी थेट दुकानात आल्या. मी पत्र्याअलीकडून ऐकत होतो. ऐकू न येण्याची सोयच नव्हती.

"आवं, माझा जर्मनचा डबा कुठं हाय?"

जोतीराम डोकं खाली घालून डायोड जोडत होता. "जर्मेनियमचा न्हवं? त्यो आतच हाय की. आताच लावला."

"आत कशाच्या?"

"डब्याच्या."

"आन डबा कशाचा?"

मग त्याच्या ध्यानात आलं. "डबा बी… जर्मनचाच."

"आत जर्मन, भाईर जर्मन," वहिनी म्हणाल्या, "आन मधी तुमी." चाळणी झालेला डबा त्यांनी उचलून पाहिला आणि परत ठेवला. "राहू द्या आता तुमालाच. पर दुसऱ्या डब्याला हात लावलासा तर बघा."

पहिलं खरं गिऱ्हाईक आलं ते प्रांजल. जत तालुक्यातली पोर. घरची मेंढरं होती, आता डाळिंबाची बाग आहे. ती सांगलीला एका मेडिकलमध्ये कामाला. तिचा मामा बिरदेव यानं बेंजो पार्टी काढली होती, लग्नाच्या वराती, जत्रा, गणपती. सगळीकडं बेंजोच वाजतो, आपल्यात काहीतरी वेगळं पाहिजे म्हणून बिरदेवनं भाचीला गिटार घेऊन पुढं उभं केलं. पोरगी गिटार खरोखरच चांगली वाजवायची. पण ढोल, ताशा आणि बेंजोच्या मध्ये ती कुणाला ऐकूच यायची नाही. कुणीतरी सांगितलं, आष्ट्यात एक फौजी वरडा बनवतो. मामा-भाची स्कुटीवर आले.

जोतीरामनं तिला चाळणीच्या डब्यातून वाजवायला लावलं. त्या दिवशी माझ्या दुकानातली कीटकनाशकाची बाटली फळीवरून सरकत सरकत कडेला आली. पोरगी थांबली आणि नुसती हसायला लागली. बिरदेव कानातली बोटं काढून म्हणाला, "फौजी, ह्योच पाहिजे."

"कुठला आवाज पाहिजे? मऊ, कडक, का मोठा?"

"तिन्ही द्या," प्रांजल म्हणाली. "पण काका, वाजवताना पटकन बदलता आलं पाहिजे."

झालं. माणसाला पहिल्यांदाच कुणीतरी तिन्ही मागितले होते. जोतीरामनं तिन्हीवर थांबायचं नाही असं ठरवलं. त्यानं पंख्यासारखं फिरतं बटण लावलं आणि डायोडांच्या जितक्या जोड्या सुचल्या तितक्या त्यावर चढवल्या. एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दोन, एक सिलिकॉन आणि एक जर्मेनियम, असले संसार. प्रांजल ते घेऊन एका हळदीला वाजवून आली आणि दुसऱ्या रविवारी परत दुकानात.

"काका, खाली वाकून फिरवायला लागतंय. तेवढ्यात गाणं पुढं जातंय. आणि खरं सांगू का, रागावू नका. ह्यातल्या बऱ्याच आवाजांतला फरक मला कळतच नाही."

जोतीरामनं ते फिरतं बटण एकदा गोल फिरवून पाहिलं. मग इकडं तिकडं बघून हळूच म्हणाला, "मला बी न्हाई कळत. पर हाय."

मग सरकतं बटण. पायाच्या अंगठ्यानं सरकवता येईल असं, कडक आणि मऊ असे दोनच आवाज. हे छान चाललं, पार बिरदेवच्या गावच्या जत्रेपर्यंत. तिथं बिरोबाच्या नावानं भंडारा उधळला. माणसं, मेंढरं, ढोल, सगळं पिवळं झालं, आणि सरकत्या बटणाच्या फटीतून भंडारा आत गेला. पेडल आधी करकरलं, मग अर्ध्यावर अडकलं. परत आणलं तेव्हा जोतीरामनं ते उलटं करून काउंटरवर आपटलं. आतून एवढी हळद पडली की वहिनींनी ती कागदावर गोळा केली आणि देवाची आहे म्हणून देव्हाऱ्यात ठेवली.

"फट नसलेलं पाहिजे," जोतीराम म्हणाला. उरलं दांड्याचं टॉगल, ज्याला म्हाताऱ्यानं सड म्हटलं होतं. त्याला कुठंही फट नव्हती. वर पाडलं की सिलिकॉन, खाली पाडलं की जर्मेनियम. आणि मधे उभं ठेवलं की काहीच जोडलेलं नाही. म्हणजे छाटणारा कुणीच नाही, लाट वाढेल तितकी वाढू द्यायची. जोतीरामला हा तिसरा आवाज फुकटात मिळाला म्हणून फार आनंद झाला. दुकानात त्यानं बेतानं वाजवून पाहिलं. मोठा होता, पण बरा वाटला. प्रांजलनं विचारलं, "मधला जरा जास्तच मोठा नाही का, काका?" तो म्हणाला, "मग मधी थांबायचं न्हाई. वरनं खाली, खालनं वर."

एवढ्यात पलूसला माजी सैनिकांचा मेळावा आला. दर वर्षी एका मंगल कार्यालयात होतो. अध्यक्ष सुभेदार हंबीरराव, तोफखान्यातले. तोफांनी त्यांचे कान नेले, आवाज मात्र तोफेचाच राहिला. आपल्याला ऐकू येत नाही हे त्यांना मान्य नव्हतं. लोक हळू बोलायला लागलेत, एवढंच त्यांचं म्हणणं. जोतीरामनं पुढाकार घेऊन बिरदेवच्या पार्टीला बोलावलं. माझे थोरले भाऊ फौजेतले, म्हणून त्यांना घेऊन मीही गेलो होतो.

सकाळचा कार्यक्रम होता. छातीवर पदकं लावलेली माणसं, बायका एका बाजूला, मागं जेवणाच्या पंगतीची तयारी. बिरदेवच्या पार्टीनं देशभक्तीच्या चाली अशा काही वाजवल्या की म्हातारे खुर्चीवर पाय आपटायला लागले. प्रांजल व्यासपीठाच्या कडेला, दोन मोठ्या स्पीकरांच्या अगदी पुढ्यात उभी होती. वरडा कडकवर होता आणि फार रंगला होता. जोतीराम तिसऱ्या रांगेत बसून दर दोन मिनिटांनी मागं वळून माझ्याकडं बघत होता, ऐकलं का म्हणून.

मग माइकवरच्या माणसानं सांगितलं, "आता शहीद जवानांना श्रद्धांजली. सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहावं."

सगळं कार्यालय उठलं. खुर्च्यांचा आवाज थांबला. प्रांजलच्या गळ्यात गिटार तशीच होती आणि पेडल चालू. स्पीकरमधून बारीक घूं येत होती. तिला वाटलं, मऊवर टाकलं तर ही घूं कमी होईल. तिनं हळूच बुटाच्या टोकानं दांडा खाली ढकलला. दांडा वरून निघाला आणि बरोबर मधे जाऊन उभा राहिला.

आधी एक बारीक हुंकार आला. गिटारीच्या तारा स्पीकरच्या आवाजानं थरथरल्या, ती थरथर परत स्पीकरमध्ये गेली, तिथून मोठी होऊन परत तारांत आली. छाटायला कुणीच नव्हतं. हुंकाराचा सूर झाला, सुराचा भोंगा झाला आणि भोंगा छताला जाऊन लागला.

आणि कुणीच हललं नाही. हलणार कसं? श्रद्धांजली चालू होती. एवढी वर्षं सावधानमध्ये उभी राहिलेली माणसं, बॉम्ब पडला तरी हलायची नाहीत. प्रांजलला दोन्ही हातांनी तारा दाबून धरायच्या होत्या, पण समोर सगळे पुतळ्यासारखे उभे बघून तिचे हात विजारीला चिकटले ते निघेनात. बिरदेवनं डोळे मिटून घेतले. ओठ हलत होते, बहुतेक बिरोबाला हाक मारत असावा. जोतीरामकडं मी पाहिलं. छाती पुढं, अंगठे शिवणीला, नजर समोर, आणि कपाळावरून घामाची धार. पेडल त्याचं, बटण त्याचं, जायला दहा पावलं नव्हती, पण हुकूम सावधानचा होता.

बायकांच्या बाजूनं चपला वाजल्या. क्रांतीवहिनी. पदर खोचला आणि सगळ्या रांगांच्या मधून सरळ व्यासपीठाकडं निघाल्या. वायरींचा गुंता पाहिला. एकीकडं बोट नेलं, दुसरीकडं नेलं. मग विचार करत बसायला त्या काही जोतीराम नव्हत्या. जिथं सगळ्या वायरी एकत्र जात होत्या तो अख्खा बोर्डच त्यांनी भिंतीतून उपटला.

भोंगा थांबला. त्याबरोबर कार्यालयाचा फ्यूज उडाला, पंखे थांबले, दिवे गेले, माइक गेला, आणि मागं आचाऱ्याचं मिक्सरही गेलं. इतकी कडक शांतता त्या कार्यालयात आधी कधी झाली नसेल. उरलेली श्रद्धांजली अर्धवट अंधारात, घामाच्या धारांत, फार चांगली पार पडली.

"विश्राम" झाला तसा जोतीराम पुढं पळाला. मी त्याच्यामागं. म्हटलं आज ह्याची पेन्शन जाते. व्यासपीठावर हंबीरराव अजून सॅल्यूटमध्ये होते. त्यांनी हात खाली केला तेव्हा डोळ्यांतून पाणी येत होतं. माइक बंद होता, त्यांना त्याची गरज नव्हती.

"बिगुल कुणी वाजवला?"

"सायेब," जोतीराम म्हणाला, "बिगुल न्हवता. माझ्या डब्याचं मधलं बटण…"

"कोण? मोठ्यानं बोल की, मर्दा!"

"मधलं बटण, सायेब! डायोड न्हवता!"

"शाबास!" हंबीररावांनी त्याच्या पाठीत थाप मारली. "वर्षावर्षाला बिगुलाची रेकॉर्ड लावत्यात. आरं, एक सूर ऐकू येईल तर शप्पत. नुसता सॅल्यूट ठोकून उभा राहतो मी, सगळी हलली की हात खाली करतो. आज ऐकला. माझ्या तुकडीची पोरं डोळ्यापुढं आली रं." त्यांनी नाक पुसलं. "पुढच्या वर्षी ह्योच बिगुल पाहिजे. काय?"

जोतीरामनं टाच आपटली आणि "जी सायेब" म्हणाला. फौजी माणूस, दुसरं काय म्हणणार?

मागं प्रांजल उभी होती, पांढरीफटक. तिनं वरडा काखेत धरला होता. "काका," ती म्हणाली, "हे असं परत माझ्या आयुष्यात झालं तर मी पेटीच वाजवायला शिकेन. ह्याच्या मधल्या जागेचं काहीतरी करा."

आता आली पंचाईत. एकाला मधला आवाज पाहिजेच आणि एकीला नकोच. जोतीरामनं जेवण सोडलं नाही, पण जेवताना बोलणं सोडलं. घरच्या सोप्यात बसून टॉगल खालीवर करत राहायचा. मी एक दिवस त्याच्याकडं गेलो होतो. त्याची आई, मनुबाई, दारातल्या तिच्या रोजच्या जागी बसलेली. रस्त्यानं कोण गेलं, कुठल्या हातात काय होतं, सगळं तिला माहीत. वहिनी मिरचीची देठं काढत होत्या.

"वर एक हाय, खाली एक हाय," जोतीराम मला सांगत होता, "पर मधी आलं की सगळं मोकळं सुटतंय. मधी न जाता वरनं खाली जाताच येत न्हाई."

वहिनी मान वर न करता म्हणाल्या, "मग मधी कुणालातरी बसवून ठेवा की कायमचं."

"आगं, मधी काय जोडताच येत न्हाई. बटणच तसलं हाय."

"बटणाला कशाला जोडताय? आपल्या घरात बघा. तुमी दुकानात जाताय, मी बाजारला जातीय. घर उघडं पडतंय का? आत्ती हायत्या न्हवं दारात. त्या कुठल्या बटणावर हायत्या? त्या कायमच हायत्या."

जोतीरामनं दांडा मधे सोडला. वहिनींकडं पाहिलं, मग आईकडं पाहिलं, मग उठून तसाच अनवाणी दुकानाकडं गेला.

झालं असं, की लाल एलईडीची जोडी त्यानं बटणाला न जोडता सर्किटमध्ये कायमची डकवून टाकली. टॉगल वर केलं की सिलिकॉन आधी छाटतो, खाली केलं की जर्मेनियम आधी छाटतो, लाट एलईडीपर्यंत पोचतच नाही, त्यामुळे ते गप्प बसतात. आणि दांडा मधे राहिला, दोघंही सुटले, की एलईडी छाटायला उभेच आहेत. मधला आवाज मोठा राहिला, पण कार्यालय उडवण्याइतका नाही. प्रांजलला हवे होते ते तिन्ही आवाज, एका साध्या दांड्यावर.

त्यानं ते घरी आणून दाखवलं. जोरात वाजवलं की डब्याच्या भोकातून आतले दिवे लाल लुकलुकायचे.

"ह्यो दिवा म्हंजी आई," तो म्हणाला. "दोघं घरात असली की ही गप्प बसती. दोघं भाईर गेली की ही बघती."

मनुबाईनं वाकून दिव्याकडं बघितलं. "मला डब्यात घातलंस व्हय रं?"

"आवं, पर हिथं जरा चुकलंय," वहिनी म्हणाल्या. "दोघं घरात असल्यावर आत्ती कुठं गप बसत्यात?"

"मी काय बोलती गं?" मनुबाई म्हणाली, आणि त्यानंतर जेवणाची ताटं येईपर्यंत बोलत होती.

हंबीररावांसाठी त्यानं वेगळा डबा केला. त्यात डायोड नाही, एलईडी नाही, निवडायचं बटणच नाही. पायानं चालू करायचा एक खटका, बस्स. हे पेडल त्यानं एका दुपारात बनवलं. त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं. "निवडायला कायच न्हवतं," तो मला म्हणाला, जरा उदास होऊन.

दुसऱ्या वर्षीच्या मेळाव्याला प्रांजलनं मनापासून तयारी केली. फौजेतल्या बिगुलाची खरी धून तिनं ऐकून ऐकून बसवली. श्रद्धांजलीची वेळ झाली तशी ती गिटार घेऊन स्पीकरच्या पुढ्यात गेली, खटका दाबला आणि एकेक सूर लांबवत पूर्ण धून वाजवली. एकही सूर हलला नाही. माझ्या थोरल्या भावानं कधी नव्हे ते डोळे पुसले. क्रांतीवहिनी या वेळी आधीच बोर्डाजवळ जाऊन उभ्या होत्या, पण गरज पडली नाही. हंबीरराव सॅल्यूटमध्ये, मान ताठ, शेवटच्या सुरापर्यंत.

"विश्राम" झाल्यावर जोतीराम आणि प्रांजल दोघंही त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"कसा वाटला, सायेब?" जोतीरामनं कानाशी ओरडून विचारलं.

हंबीररावांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. "ऐकू आला. झ्याक आला. पोरगी चांगली हाय." मग जोतीरामला जरा बाजूला ओढून, आपण हळू बोलतोय अशा समजुतीनं, सगळ्या कार्यालयाला ऐकू जाईल असं म्हणाले, "पर गेल्या वर्षीचा वाजवणारा जास्त सुरात हुता. त्याला का न्हाई बोलावला?"

प्रांजल तोंडावर ओढणी धरून स्पीकरच्या मागं गेली. जोतीराम विचारात पडला. मी त्याच्याकडं बघत होतो, त्याचा हात आपोआप खिशाकडं गेला, आणि तिथं टॉगल असणार हे मला माहीत होतं.

"मी म्हंतो," तो वहिनींना म्हणाला, "पुन्ना एकदा मधी मोकळं सोडून बघू का?"

"हात लावून तर बघा," वहिनी म्हणाल्या, आणि त्याला पंगतीकडं घेऊन गेल्या.